पंगतीतला उपाशी माणूस



दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीतील एका घरी नवसाचा मलिदा होता. मुलाला नोकरी लागली म्हणून आईने एलियाहू हन्नाबीच्या नावाने बोलून ठेवलेला. खाली बेसमेंटमध्ये चादरी अंथरल्या होत्या, परातीत गोड पोहे, वर खोवलेला नारळ, बेदाणे, भोवती फळे. बाहेर बर्फ आणि आत गुलाबाचा वास. आमच्या ओळखीतली एक सतरा वर्षांची मुलगी बशा भरून सर्वांना नेऊन देत होती. तिला आम्ही ती रांगत होती तेव्हापासून पाहत आलो आहोत. ती आमच्यापुढे आली तेव्हा आम्ही मोठ्या कौतुकाने म्हणालो, "काय गं, केवढी बारीक झालीस! छान दिसतेस हो. आम्हालाही सांग तुझं गुपित." सगळे हसले. तीही हसली. तिने चाळीस माणसांना वाढले; तिची स्वतःची बशी कोणी पाहिली नाही.

सहा आठवड्यांनी तिला इस्पितळात ठेवावे लागले. हृदयाचे ठोके इतके मंद झाले होते की डॉक्टरांनी घरी पाठवायला नकार दिला. पुढे बऱ्याच महिन्यांनी तिनेच आम्हाला सांगितले, "तुमचं ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. भूक लागली की आठवायचे." हा लेख आम्ही तिच्या परवानगीने, तिचे नाव न देता लिहीत आहोत. विषय आपल्या पानांवर सहसा येत नाही. परंतु तो आपल्या घरांत आला आहे.

या आजाराला अॅनोरेक्सिया म्हणतात. त्याची भावंडेही आहेत. बुलिमियात माणूस अनावर खातो आणि नंतर ते ओकून किंवा अन्य मार्गाने काढून टाकतो. नुसत्या अनावर खाण्याच्या आजाराला अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी 2013 साली स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. हे विकार मुलग्यांना होतात, प्रौढांनाही होतात, आणि अंगाने भरलेल्या माणसालाही होतात. नुसते पाहून ओळखता येत नाहीत. मनाच्या आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांत अॅनोरेक्सियाची गणना होते. कॅरन कार्पेंटर ही गायिका 4 फेब्रुवारी 1983 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेली तेव्हा या देशातील सर्वसामान्य लोकांना हा शब्द कळला. त्याआधी 1978 साली डॉ. हिल्डे ब्रूख यांनी या मुलींवर एक छोटे पुस्तक लिहिले होते. या ब्रूखबाई जर्मनीतल्या यहुदी. 1933 साली हिटलर आल्यावर देश सोडून आधी लंडनला आणि मग अमेरिकेत आल्या, आणि पुढे टेक्सासमधील ह्यूस्टनला प्राध्यापक झाल्या. पुस्तकाचे नाव त्यांनी 'सोन्याचा पिंजरा' अशा अर्थाचे ठेवले. ती उपमा त्यांच्या एका रुग्ण मुलीचीच होती.

आपल्याकडे अशा मुलीला पहिला शब्द मिळतो तो 'हट्टी'. दुसरा 'लाडावलेली'. "आमच्या लहानपणी रेवदंड्याला एका बोंबलावर भाकरी खाल्ली, आणि यांना समोर चार पदार्थ असून जात नाही!" हे वाक्य आम्ही वेगवेगळ्या तोंडून तीन वेळा ऐकले आहे. म्हणून मिनेसोटाची हकिगत थोडी विस्ताराने सांगतो.

दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपात कोट्यवधी लोक उपाशी होते आणि त्यांना पुन्हा खायला कसे घालायचे, हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अॅन्सेल कीज यांनी नोव्हेंबर 1944 ते डिसेंबर 1945 असा एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास तत्त्व म्हणून नकार दिलेले छत्तीस तरुण स्वखुशीने पुढे आले. सगळे धडधाकट, मनानेही खंबीर, म्हणूनच निवडलेले. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवले. वजन साधारण चौथ्या हिश्श्याने उतरेल असा बेत होता. वजन उतरलेच, परंतु डॉक्टरांना अधिक आश्चर्य वाटले ते मनाचे. ही माणसे पाककृतींची पुस्तके वाचू लागली, जमवू लागली. जेवण संपवायला फार वेळ लावू लागली. थट्टामस्करी थांबली. गप्पा मारायला, मैत्रिणीला भेटायला नको झाले. जो तो आपल्या ताटाशी एकटा. पोटभर खायला मिळू लागल्यावरही काहींची ती घालमेल महिनोन्महिने गेली नाही.

या छत्तीस जणांपैकी कोणी आरशात पाहून बारीक होण्याचे वेड घेतले नव्हते, कोणी लाडावलेला नव्हता. उपासमारच माणसाला माणसांतून उठवते, एवढे त्यातून दिसले. पंगतीतून उठणे हे आजाराचे लक्षण आहे आणि त्या उठण्यानेच आजार वाढतो. जी माणसे तिला परत बसवू शकली असती, त्यांच्यापासून ती आधी दूर जाते. मग 'तिला एकटं राहायचंय ना, राहू द्या' असे म्हणून आपणही बाजूला झालो, तर आपण तिच्या इच्छेचा मान राखतो की तिच्या आजाराचा?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण दुसरी बाजूही खरी आहे. समाज हा नेहमीच औषध नसतो. आमचे वरचे वाक्य तरी काय होते? आपल्या लग्नांत, सभांत, सिनेगॉगच्या किद्दूशला पहिला नमस्कार होतो तो शरीराला. 'वाळलीस', 'सुटलीस', 'आता जरा आवर, स्थळं बघायची आहेत'. वर लगेच पुरीचे ताट पुढे. खा म्हणायचे आणि खाल्ले की मोजायचे, हे दोन्ही एकाच तोंडाने. जुन्या डॉक्टरांनाही नातेवाइकांचा भरवसा नव्हता. लंडनचे सर विल्यम गल यांनी 1870 च्या दशकात या आजाराला नाव दिले, तेव्हाच त्यांनी बजावले होते की रुग्णाच्या देखभालीस नातलग सर्वांत वाईट. पॅरिसचे शार्को तर मुलीला आईबापांपासून तोडल्याशिवाय उपचारच सुरू करीत नसत. पुढची शंभर वर्षे बहुतेक ठिकाणी आईवडील दाराबाहेर बसले, आणि आतून कोणीतरी त्यांनाच दोषी ठरवीत राहिले.

हे दार उलट्या बाजूने ढकलणाऱ्यांत अमेरिकेतील एक आई होती. शिकागोजवळच्या हायलँड पार्क गावात व्हिव्हियन मीहान नावाच्या परिचारिका राहत. त्यांच्या मुलीला अॅनोरेक्सिया झाला. स्वतः इस्पितळात काम करणाऱ्या बाईला या आजाराविषयी माहिती मिळेना, समदुःखी घरे सापडेनात. 1976 साली त्यांनी 'अॅनॅड' ही संस्था काढली, तिथे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसे एकमेकांशी बोलू शकत. त्या संस्थेचे आधारगट आजही विनामूल्य चालतात आणि त्यांतील बरेचसे काम या आजारातून स्वतः उठलेली माणसे करतात. दुसरीकडे लंडनच्या मॉड्स्ली इस्पितळात डॉक्टरांनी आईवडिलांना दाराबाहेरून उचलून थेट जेवणाच्या टेबलाशी बसवले: काही काळ मुलीने काय आणि किती खायचे ते तुम्ही ठरवा, ती संपवेपर्यंत शेजारी बसा, आणि प्रकृती सुधारेल तसतसा तिचा कारभार तिच्या हाती परत द्या. ही पद्धत अमेरिकेत आणून तिची परीक्षा शिकागो आणि स्टॅनफर्ड येथे घेण्यात आली. 2010 साली निकाल प्रसिद्ध झाला. 121 मुलामुलींपैकी ज्यांच्यावर घरच्यांना धरून उपचार झाले, त्यांच्यातील शेकडा 49 उपचार संपल्यानंतर वर्षाने पूर्ण बरी होती. एकटीएकटीला घेऊन बोलण्याच्या पद्धतीत शेकडा 23. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या उपचारानेही निम्मी मुले वर्षाअखेर पूर्ण बरी नव्हती, हेही ध्यानात ठेवायला हवे. प्रौढांची गोष्ट आणखी वेगळी आहे.

मग समाज विष की औषध? आमच्या मते तो कसा बसतो यावर ते आहे. आणि या बाबतीत आपल्याला दूर जायची गरज नाही. नव्या सणाला, रोश हशानाच्या पहिल्या दिवशी, सिनेगॉगमध्ये दर वर्षी जो हफ्तारा वाचला जातो, तो एका न जेवणाऱ्या बाईचाच आहे.

हन्नाची कथा आपण मूल मागणाऱ्या आईची म्हणून ऐकतो. ती जेवणाची म्हणून एकदा वाचून पाहावी. एलकाना कुटुंबासह शिलोला यज्ञाला जातो. मोठी पंगत बसते. तो सर्वांना वाटे देतो, आणि हन्नाला अधिक देतो. पनिन्ना टोचून बोलते. हन्ना रडते आणि जेवत नाही. असे दर वर्षी घडते. एलकाना वाईट माणूस नाही, त्याचे तिच्यावर फार प्रेम आहे. तो तिला विचारतो, का रडतेस, का जेवत नाहीस. आणि पुढे विचारतो, तुला मी दहा मुलग्यांहून अधिक नाही का? पाहा, तीन प्रश्न तिच्याविषयी आणि चौथा स्वतःविषयी. आम्हाला यात आपली सगळी घरे दिसतात. 'आमच्यासाठी तरी खा गं.' वाटा मोठा करून झाला, प्रेमाची शपथ घालून झाली. हन्ना त्याला उत्तर देत नाही.

ती उठून देवाच्या मंदिराशी जाते. तिथे एली याजक बसलेला. तिचे ओठ हलतात, आवाज नाही, म्हणून तो तिला दारूडी समजतो. समाजातला सर्वांत जाणता माणूसही पहिल्या नजरेत चुकला! परंतु एली पुढे एक गोष्ट करतो, जी एलकानाने केली नव्हती. ती सांगू लागते तेव्हा तो ऐकतो, आणि आपले मत बदलतो. तिला काय हवे आहे हे त्याला धड कळलेलेही नाही. तो तिला शांतीने जा म्हणतो आणि तिचे मागणे देव पुरे करो असे म्हणतो. शास्त्र सांगते की मग ती गेली आणि जेवली. शमुवेल अजून जन्मला नव्हता, मागितलेले काही मिळाले नव्हते. तिच्यावरचा आरोप मागे घेतला गेला होता आणि तिचे दुःख एका माणसाने खरे धरले होते, इतकेच.

अर्थात हन्नाला अॅनोरेक्सिया होता असे आम्ही म्हणत नाही. तिने स्वतःहून तोंड उघडले. या आजारातली मुलगी पुष्कळदा उघडत नाही, कारण तिला आपला आजार आजार वाटतच नाही. ती तिची कमाई असते. ताल्मूदमधील बेराखोथ भागात एक प्रसंग आहे. रब्बी योहानान आजारी मित्राला भेटायला जातात आणि आधी विचारतात, हे दुःख तुला प्रिय आहे का? तो म्हणतो, नाही, आणि त्याचे फळही नको. मग ते हात देऊन त्याला उठवतात. पुढे योहानान स्वतः आजारी पडतात, तेव्हा दुसऱ्या रब्बींना येऊन त्यांना हात द्यावा लागतो. दुसऱ्याला उठवणाऱ्याला स्वतःला का उठवता आले नाही? आत कोंडलेल्याला कुलूप आतून काढता येत नाही, अशा आशयाचे उत्तर तिथे दिले आहे. ब्रूखबाईंच्या पिंजऱ्याला हे उत्तर चपखल बसते. पण पहिल्या प्रश्नाचे काय? ती 'होय, मला प्रिय आहे' म्हणाली तर हात द्यायचा की नाही?

योमा भागात याचे उत्तर सापडते असे आम्हाला वाटते. प्रश्न योम किप्पूरच्या उपासाचा आहे. आजारी म्हणतो मला खायला हवे आणि वैद्य म्हणतो नको, तर आजाऱ्याचे ऐकावे, कारण आपल्या जिवाचे कडूपण त्यालाच ठाऊक. वैद्य म्हणतो हवे आणि आजारी म्हणतो नको, तर मात्र वैद्याचे ऐकावे, कारण आजाराने त्याच्या मनावर ग्लानी आलेली असू शकते. दोन्ही वेळा पारडे जगण्याकडे झुकते. मिनेसोटाच्या प्रयोगाच्या कितीतरी शतके आधी आपल्या विद्वानांनी ओळखले होते की उपाशी मनाचा 'नको' हा पुरा त्याचा नसतो. म्हणजे हात द्यायचा, ती नको म्हणाली तरी.

इथे एक घाई टाळली पाहिजे. या नियमात वैद्य आहे, आत्या-मावशी नाहीत. फार काळ उपाशी राहिलेल्या देहाला एकदम पोटभर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते. 1945 साली छळछावण्यांतून सुटलेले आपले कित्येक बांधव सैनिकांनी दयेने दिलेले जड अन्न खाऊन मेले. ताटात काय आणि किती, हे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि आईवडील ठरवतील. आपल्याकडे राहते ते शेजारी बसणे.

ते क्षुल्लक वाटेल. पण या देशात अलीकडेच ते वगळून पाहण्यात आले. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या 'नेडा' या मोठ्या राष्ट्रीय संस्थेची हेल्पलाइन वीस वर्षांहून अधिक काळ चालली होती. पलीकडे माणूस असे, पुष्कळदा स्वयंसेवक. मार्च 2023 मध्ये कर्मचाऱ्यांनी युनियन केल्यानंतर लवकरच ती बंद करण्याचा निर्णय त्यांना कळवण्यात आला. 'टेसा' नावाचे संगणकावरचे बोलके यंत्र मात्र लोकांसाठी चालू राहणार होते. संस्थेचे म्हणणे असे की यंत्र हेल्पलाइनच्या जागी नव्हतेच. असो. मेअखेर असे उघडकीस आले की मदत मागणाऱ्यांना हे यंत्र रोज कॅलरी कमी करण्याचा आणि वजन करीत राहण्याचा सल्ला देत होते. 30 मे 2023 रोजी ते काढून घेण्यात आले. यंत्राला हसण्याचा आमचा विचार नाही. बेसमेंटमध्ये बशी हातात घेऊन आम्ही जे बोललो, ते याहून फारसे वेगळे नव्हते.

आता त्या मुलीकडे येतो. इस्पितळातून ती घरी आली तेव्हा आईने नोकरीवर रजा टाकली. दिवसातून तीन जेवणे आणि मधली खाणी, प्रत्येक वेळी टेबलाशी तास दीड तास. रडणे, ताट ढकलणे, लपवणे. लोकांना सांगितले होते की अॅसिडिटीचा त्रास आहे. आपला समाज इथे मूठभर. एका घरातले दुखणे आठवडाभरात सगळ्यांना कळते आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी आठवते, ही भीती खोटी आहे असे आम्ही कसे म्हणावे? दोन महिने ते घर बंद राहिले. मग आईने एका मावशींना खरे सांगितले. ठाण्याहून येऊन इथे तीस वर्षे झालेल्या, मधुमेहाच्या, गुडघे दुखणाऱ्या या बाई. त्यांनी सल्ला दिला नाही. एवढेच विचारले, "सर्वांत वाईट वेळ कोणती?" आई म्हणाली, "रात्री जेवल्यानंतरचा एक तास." पोटात अन्न गेल्यावर ते आत राहू देणे, हेच तिला जड जाई. तेव्हापासून दर मंगळवारी मावशी रात्रीच्या जेवणानंतर पत्ते घेऊन येत. एक तास रमी. अन्नाचे, वजनाचे, आजाराचे नाव नाही. मावशी पत्ते चोरतात हे मुलीने तिसऱ्याच आठवड्यात पकडले, त्यावर दोघींचे जोरदार भांडण झाले, आणि आई स्वयंपाकघरात ऐकत उभी राहिली. कारण मुलगी कोणत्यातरी दुसऱ्या गोष्टीवरून भांडत होती. पुढे आणखी दोन घरे आली. एकाने धाकट्या भावाला शाळेतून आणण्याचे घेतले, दुसऱ्याने शनिवारी रात्री वडिलांना बाहेर फिरवून आणण्याचे. बिकुर होलीम म्हणजे आजाऱ्याची भेट घेणे, ही मित्स्वा आपल्याला शिकवली आहे. पण आजाऱ्याच्या बापाला चहा पाजणे हेही त्यात येते, हे आम्हाला तेव्हा कळले.

मग दारफाळणीचा सण आला. डॉक्टरांनी उपास साफ नाकारला, रब्बींनीही. परंतु या मुलीच्या दृष्टीने विचार करा. वर्षभर सगळे तिला खा म्हणतात, आणि या एका दिवशी सारा समाज पांढरे कपडे घालून उपाशी राहतो आणि त्याला पवित्र मानतो. या दिवशी खाणारी ती एकटीच पापी! ती म्हणाली, मी सिनेगॉगमध्ये येणारच नाही.

मावशींनी तिला फोन केला. म्हणाल्या, "बाय, मला सोबत हवी आहे." इन्सुलिन घेणाऱ्या मावशी गेली अकरा वर्षे योम किप्पूरला रब्बींच्या सांगण्यावरून खात होत्या. सिनेगॉगच्या मागच्या बाजूला कोट ठेवायची खोली आहे, तिथे दार लावून, कोणी पाहू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून. आम्ही अकरा वर्षे त्याच इमारतीत पुढच्या रांगेत होतो. आम्हाला ठाऊक नव्हते.

त्या वर्षी दोघी गेल्या. आदल्या दिवशी करून ठेवलेली घावने, उकडलेली अंडी, केळी असे डब्यात होते. मुलीचे खाणे आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेले, मावशींचे त्यांच्या डॉक्टरांनी. कोटांच्या रांगेखाली दोन खुर्च्या. मुलीला गिळवेना. मावशी त्यांचे त्यांचे खात राहिल्या, आणि मुंबईतल्या मागन डेव्हिडच्या घड्याळाची कसलीशी लांबलचक गोष्ट सांगत राहिल्या. अर्ध्या तासाने मुलीने पहिला घास घेतला. खाऊन झाल्यावर मावशी पाठ असलेला आशीर्वाद म्हणू लागल्या तेव्हा मुलगी प्रार्थनेचे पुस्तक चाळत होती. तिने बारीक अक्षरांतली एक सूचना दाखवली. सणांच्या दिवशी जेवणानंतरच्या आशीर्वादात जो जादा भाग घालतात, तो योम किप्पूरला आजारपणामुळे खावे लागलेल्याने या दिवसाचे नाव घेऊन म्हणायचा असतो. शुल्हान आरूखमध्येही तसे आहे. मावशींना हे कोणी सांगितले नव्हते. अकरा वर्षे त्यांनी तो भाग गाळला होता, आपण या दिवसाच्या बाहेर आहोत असे धरून.

त्यांनी तो तिच्याकडून म्हणवून घेतला, मागोमाग स्वतः म्हणाल्या, आणि नेईलाच्या आधी दोघी आपापल्या जागी परत आल्या. मुलगी आता कॉलेजात आहे. काही आठवडे बरे जातात, काही नाहीत. मावशींनी हे सारे आम्हाला सांगितले तेव्हा त्या दिवशी डब्यात तिचे अर्धे केळे उरले होते असेही म्हणाल्या. ते तिने नंतर खाल्ले का, हे आमच्या ओठांवर आले होते. आम्ही विचारले नाही.